समोवारांच्या गावात: मॉस्को, तूला, पीटर्सबर्ग

शुक्रवार, मॉस्को

मॉस्कोत उतरलेला पाहुणा आधी लाल चौक गाठतो. आम्ही दोघी मावशी-भाची मात्र हॉटेलात बॅगा टाकून थेट म्यास्नित्स्काया रस्त्यावरच्या चहाच्या दुकानात गेलो. प्रवासाचं निमित्तच समोवार होतं, म्हणजे पोटातल्या नळीत निखारे घालून चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं. मावशीने पुण्यात रशियन शिकून पुढे ती भाषा शिकवण्यात नोकरी काढली, आणि मला जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं वेड. तूला हे समोवारांचं गाव एकदा नीट बघायचं, हे आमचं फार दिवसांपासून ठरलेलं होतं.

म्यास्नित्स्कायावरची १९ क्रमांकाची इमारत लांबूनच ओळखू येते. आजूबाजूला सगळी शिस्तीतली युरोपीय घरं आणि मध्येच हिरव्या-सोनेरी रंगाचा चिनी दर्शनी भाग: ड्रॅगन, कंदील, पागोड्यासारखी चढत गेलेली छपरं. हे पर्लोव्ह घराण्याचं चहाचं दुकान. पर्लोव्ह १७८७ पासून चहाच्या धंद्यात होते. १८९६ साली झार दुसऱ्या निकोलसचा राज्याभिषेक होता आणि त्यासाठी चीनहून ली होंगचांग हा बडा मुत्सद्दी येणार होता. तो आपल्याकडे उतरावा म्हणून सेर्गेई पर्लोव्हने नव्या बांधलेल्या घराचा दर्शनी भाग घाईने चिनी करून घेतला. पाहुणा उतरला तो भाऊबंदाकडे, पर्लोव्ह घराण्याच्याच दुसऱ्या शाखेच्या घरी. पण इमारत राहिली, दुकानही राहिलं, आणि आजही तिथे चहा सुटा मिळतो.

आत लाकडी कपाटं छतापर्यंत भिडलेली. गल्ल्यावरच्या बाईंनी मावशीचं रशियन ऐकून चार-पाच डबे उघडून वास घ्यायला दिले. त्यातला एक धुरकट वासाचा होता. उंटांच्या तांड्यांबरोबर आलेल्या चहाला मुक्कामाच्या शेकोट्यांचा धूर लागायचा असं सांगतात, आणि त्या आठवणीत हा मिसळ चहा आजही विकला जातो. मी पाव किलो बांधून घेतला. आपली कार्डं इथे चालत नाहीत, त्यामुळे सगळा व्यवहार रोखीत. इथे येणाऱ्याने हे आधीच ध्यानात ठेवावं.

सुरुवातीला चहा रशियात समुद्रमार्गे आलाच नाही, तो जनावरांच्या पाठीवरून आला. १६३८ साली झार मिखाईलचा दूत वासिली स्तार्कोव्ह मंगोलांच्या अल्तान खानाकडे गेला होता. खानाने परतभेटीत चार पूद, म्हणजे साधारण ६५ किलो, सुकी पानं दिली. ‘हा पाला नेऊन काय करू, त्यापेक्षा कातडी द्या’ म्हणून स्तार्कोव्हने बरीच कुरकुर केली, पण खान ऐकेना. दरबारात मात्र ते पेय पसंत पडलं. पुढे १६८९ चा नेर्चिन्स्कचा तह झाला, मग १७२७ चा क्याख्ताचा, आणि मंगोलियाच्या वेशीवर क्याख्ता हे व्यापाराचं ठाणं बसलं. अलीकडे रशियन व्यापारी फरची कातडी घेऊन, पलीकडे चिनी व्यापारी चहा घेऊन. पैशाने नाही, वस्तूला वस्तू देऊन सौदे व्हायचे. गोबीच्या वाळवंटातून उंटांवर आलेल्या चहाच्या पेट्या क्याख्तात कच्च्या कातड्यात शिवायच्या, मग बैलगाड्या, घोडागाड्या, घसरगाड्या, होड्या असं करत इर्कुत्स्क, तोम्स्क ओलांडून त्या वर्ष-दीड वर्षाने मॉस्कोला लागायच्या. एवढ्या लांबून आलेली चिमूटभर पत्ती किती जपून वापरत असतील! समोवार समजून घ्यायचा तर आधी हे अंतर समजून घ्यावं लागतं, असं मला त्या दुकानातच वाटायला लागलं.

शनिवार, इझ्माइलोवो

इझ्माइलोवोचा जुना बाजार शनिवार-रविवारी खरा भरतो. पार्तिझान्स्काया मेट्रो स्टेशनावरून चालत गेलं की रंगीत लाकडी मनोरे दिसतात, त्यांच्या मागच्या बाजूला वरच्या मजल्यावर जुन्या वस्तूंचे विक्रेते. ऑक्टोबरची थंडी, हातमोजे घालूनच समोवार हाताळावे लागत होते.

एका विक्रेत्याने फळीवर आठ-दहा समोवार ओळीने मांडले होते. त्याच्यापाशी आमचा तास गेला. माणूस मोठा जाणकार आणि शिकवायला उत्सुक. त्याने पहिल्यांदा आम्हाला समोवाराच्या पोटावरची पदकं दाखवली. नाण्यांसारखे गोल ठसे, कुठे राजाचं मुंडकं, कुठे गरुड, खाली साल. कारखान्याला प्रदर्शनात बक्षीस मिळालं की तो ते पदक समोवारावर उमटवायचा. म्हणून मग ज्याला काहीच मिळालं नव्हतं तोही पदकासारखं काहीतरी उमटवायला लागला. बाताशेव हे तूलातलं सगळ्यात नावाजलेलं घराणं, तर त्या आडनावाचे खरे-खोटे किती ठसे निघाले! विक्रेत्याचं सांगणं असं, की ठसा शेवटी बघा, आधी खालची बाजू बघा.

मग त्याने एक समोवार उलटा करून दाखवला. जाळीच्या जागी भोक पाडून तार घातलेली: कोणीतरी त्याचा दिवा केला होता. दुसऱ्यात कोळशाची नळी कापून विजेचं कॉइल बसवलेलं. तिसऱ्याची तोटी मूळची नव्हती, कारण तोटीवरच्या किल्लीची नक्षी आणि कड्यांची नक्षी जुळत नव्हती. चौथा मात्र अस्सल, पितळी, उभट बरणीच्या घाटाचा. आतमध्ये विजेरी मारली तर कल्हई अजून चमकत होती. मावशी म्हणाली, “बघ गं, कल्हईवाला काल येऊन गेल्यासारखी दिसतेय.”

किंमत आमच्या आवाक्यात होती, तरी घेतला नाही. जुन्या, सांस्कृतिक मोलाच्या वस्तू देशाबाहेर न्यायला तज्ज्ञांचा दाखला आणि सरकारी परवाना लागतो आणि शंभरी ओलांडलेल्या वस्तूचं काम तर फारच अवघड. हा नियम मला पटतो. आपल्याकडचे किती वाड्यांचे दरवाजे, किती समया अशाच निघून गेल्या.

रविवार, तूला

कुर्स्की स्टेशनावरून सकाळची गाडी. मॉस्कोपासून तूला सुमारे १९० किलोमीटर दक्षिणेला. खिडकीबाहेर बर्चची पिवळी झालेली वनं, मध्ये ओकाचं रुंद पात्र, आणि अडीच तासांच्या आत आपण तूलात.

हे मुळात हत्यारांचं गाव. १७१२ साली पीटर राजाच्या हुकमाने इथे सरकारी शस्त्रांचा कारखाना उभा राहिला, पण लोहार-बंदूकवाले त्याच्या किती तरी आधीपासून होते. उपा नदीच्या काठचा लाल विटांचा क्रेमलिन, म्हणजे किल्ला, १५१४ ते १५२० मध्ये बांधला, नऊ बुरुजांचा, आटोपशीर. ‘तूलाला जाताना कोणी आपला समोवार नेत नाही’ ही म्हण सगळ्या रशियाच्या तोंडी आहे.

क्रेमलिनच्या भिंतीला लागूनच समोवारांचं संग्रहालय आहे, १९९० मध्ये सुरू झालेलं. बाहेरून साधं. आत गेल्यावर आम्ही दोघी कितीतरी वेळ काही बोललोच नाही.

पहिल्या दालनात समोवाराचे पूर्वज आहेत. चहाच्या आधी रशियात ‘स्बितेन’ प्यायचे: मध, मसाले आणि गरम पाणी. तो विकणारे फेरीवाले किटलीच्या आकाराचं भांडं गोधडीत गुंडाळून पाठीवर घेऊन हिंडायचे. त्या किटलीच्या पोटातून एक उभी नळी जाते, नळीत निखारे, भोवती पेय. म्हणजे युक्ती आधीच होती, चहा नंतर तिच्यात शिरला. त्याच काळात इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या टेबलावर चांदीची, चांदीचा पत्रा चढवलेली चहाची मोठी तोटीची भांडी आली होती. दिसायला ती समोवाराच्या सख्ख्या बहिणी, पण त्यांच्या आत तापवून लाल केलेली लोखंडी कांडी ठेवत, किंवा खाली स्पिरिटचा दिवा. ती पाणी गरम ठेवतात. समोवार स्वतःच्या पोटात आग घेऊन पाणी उकळतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर उरलच्या तांब्याच्या कारखान्यांत असे समोवार होऊ लागले होते. तूलाचा मान वेगळा: १७७८ साली उपा नदीपलीकडच्या वस्तीत, श्तिकोवा रस्त्यावर, इव्हान आणि नझार लिसित्सिन ह्या बंदूकवाल्याच्या मुलांनी इथलं पहिलं समोवार करणारं दुकान घातलं.

बंदुकीची नळी करणारा हात चहाच्या भांड्याकडे कसा वळला ह्याचं उत्तर काचेच्या पेटीत ठेवलेल्या एका कापलेल्या समोवारात मिळतं. मी त्याच्यापुढे ठाण मांडलं. तळाला पाय, म्हणजे खालून हवा शिरायला जागा. पायांच्या वर बैठकीला भोकं. मग लोखंडी जाळी, जाळीवर उभी नळी, खाली रुंद आणि वर निमुळती. नळीभोवती पाण्याचं पोट, पोटाला तोटी. वर झाकण, झाकणाला वाफ सोडायचं बारीक बूच. सगळ्यात वर नळीच्या तोंडावर मुकुटासारखं कडं, त्यावर चहाची छोटी किटली बसते. हे सगळं बघताना मला घरचा तांब्याचा बंबच आठवत होता, तीच मधली नळी, तेच भोवतीचं पाणी, तीच खाली राख. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला हा कापलेला समोवार दाखवला तर त्याला एक अक्षरही समजावून सांगावं लागणार नाही.

घडवायची रीत मात्र इथली खास. पितळेचा पत्रा वाकवून नळकांडं करायचं, सांधायचं, ठोकून ठोकून घाट द्यायचा. हे एकाचं काम. कल्हई दुसऱ्याची. चरकावर घासून गुळगुळीत करणं तिसऱ्याचं. कड्या, तोट्या, मुठी ओतणारा चौथा, जुळणी करणारा पाचवा, चकचकीत करणारा सहावा. लाकडाचे गोळे आणि मुठी करणारा आणखी वेगळा. आसपासच्या गावांत घरोघरी एकेक भाग व्हायचा आणि घोड्यावर लादून कारखान्यात पोचायचा. एका गावात पिढ्यान्‌पिढ्या फक्त तोट्याच. १८५० च्या सुमारास एकट्या तूलात २८ कारखाने होते आणि वर्षाला सुमारे १ लाख २० हजार समोवार बाहेर पडत. ते अलेक्सिनपर्यंत गाड्यांवर आणि तिथून ओका नदीतून निझ्नी नोव्हगोरोदच्या जत्रेला जात. घाऊक विक्री डझनावर आणि वजनावर व्हायची. जड समोवार म्हणजे जाड पत्रा, म्हणजे जास्त दाम.

घाटांना अंत नाही. उभट बरणी, अंडं, चेंडू, पेर, फुलदाणी, पेला. प्रवासाचे चौकोनी समोवार, पाय काढून पेटीत ठेवता येणारे. खानावळीचे अवाढव्य, वीस-वीस माणसांना पुरणारे. एका समोवाराच्या पोटात आतून कप्पे: एका बाजूला सूप, एका बाजूला लापशी, मध्ये पाणी, म्हणजे वाटेवरचं आख्खं स्वयंपाकघर. आणि एका काचेत पाच छोटे समोवार, पाच निराळ्या घाटांचे, १९०९ साली बाताशेवांच्या कारखान्याने झारच्या पाच मुलांना भेट दिलेले. खेळण्याएवढे आहेत, पण प्रत्येकाला तोटी, जाळी, झाकण सगळं आहे आणि काम अव्वल. त्या मुलांना पुढे १९१८ साली आईबापांसकट ठार मारलं हे ठाऊक असल्यामुळे तिथे उभं राहवेना. मावशी पुढे निघून गेली.

सोमवार, तूला, नदीपलीकडे

सोमवारी संग्रहालयं बंद. सकाळी पूल ओलांडून लिसित्सिन बंधूंच्या वस्तीकडे भटकलो. त्या काळातलं फारसं काही शिल्लक नाही, लाकडी कोरीव खिडक्यांची काही जुनी घरं तेवढी आहेत.

खरा सोमवार संध्याकाळचा. आम्ही उतरलो होतो त्या घरगुती लॉजच्या मालकीणबाई सत्तरीच्या. मावशीशी त्यांची गट्टी जमलेली. त्यांच्या सासूचा कोळशाचा समोवार माळ्यावर होता, तो त्यांनी आमच्यासाठी काढला आणि मागच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली फरशीवर ठेवला.

पहिली गोष्ट पाणी. गळ्यापर्यंत. पाणी घातल्याशिवाय काडी ओढायची नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. त्यामागचं कारण साधं आणि पक्कं आहे. समोवाराचे सांधे कथलाने जोडलेले असतात, आतली कल्हईही कथलाचीच. कथील २३२ अंशांना वितळतं. भोवती पाणी असेपर्यंत पितळ शंभर अंशांच्या फार वर जातच नाही, आत निखारे कितीही लाल होवोत. पाणी नसेल तर काही मिनिटांत सांधे सुटतात, तोटी गळून हातात येते. निम्म्या जुन्या समोवारांचा शेवट असाच झाला, असं त्या म्हणाल्या.

मग बर्चच्या बारीक ढलप्या पेटवून नळीत सोडल्या, त्यावर पाइनची सुकी बोंडं, थोडा लोणारी कोळसा. वर कोपरासारखं वाकडं धुराडं बसवलं. आधी पांढरा दाट धूर, डोळ्यांना पाणी. मग धूर पातळ झाला. जुन्या चित्रांत असतं तसं बूट लावून भाता करतात का, असं मी विचारलं. बाई घरात गेल्या आणि खरंच एक जुना, उंच कातडी बूट घेऊन आल्या. धुराडं काढून त्याचा गळा नळीवर बसवला आणि दाबून-सोडून हवा ओढली. खालच्या भोकांतून ठिणग्या दिसल्या. जाळ फुलला.

“आता ऐका,” म्हणाल्या. आधी काहीच नाही. मग एक बारीक, लांब सूर. “गातोय.” थोड्या वेळाने सूर गेला आणि घोंघावल्यासारखा आवाज सुरू झाला. मग बुडबुड्यांचा गदारोळ. चहासाठी पाणी मधल्या अवस्थेच्या शेवटी घ्यायचं, पोटात पांढुरक्या बारीक बुडबुड्यांचे ढग उठतात तेव्हा. फार उकळलं की पाण्यातला जीव जातो, असं त्यांचं ठाम मत होतं. धूर पूर्ण थांबल्यावर समोवार टेबलावर आला, धुराडं उतरलं आणि कड्यावर चिनी मातीची छोटी किटली चढली.

किटलीत त्यांनी म्यास्नित्स्कायाची आमची पत्ती घातली. जवळजवळ काळा अर्क तयार होतो, त्याला झावार्का म्हणतात. कपात बोटभर अर्क आणि वर समोवाराचं पाणी, ज्याला जसं हवं तसं. क्याख्ताच्या सगळ्या प्रवासाचं सार मला ह्या कपात सापडलं. पत्ती महाग, लांबून आलेली, म्हणून एकदाच आणि थोडी टाकायची. पाणी फुकटचं, म्हणून ते रात्रभर गरम राहील अशी सोय करायची. एका छोट्या किटलीवर आठ माणसं तीन तास बसू शकतात. रशियातल्या लांबलचक बैठका, पाहुणचार, वाद, लग्नाची बोलणी हे सगळं ह्या भांड्याने घडवलं. आपला चहा दूध-साखर घालून पातेल्यात एकदम होतो, उतरला की लगेच प्यावा लागतो. म्हणून तो उभ्या उभ्या, कटिंगवर, कामाच्या मध्ये बसतो. समोवाराचा चहा कामं संपल्यावरचा आहे.

साखर कपात पडली नाही. बाईंनी चिमट्याने खडीचे छोटे तुकडे केले. तुकडा दातांत धरायचा आणि त्यातून चहा ओढायचा. साखरही एकेकाळी महाग होती, दातांतला खडा दोन-तीन कप पुरतो. आणि चहा बशीत! पाच बोटांच्या टोकांवर बशी तोलून त्या फुंकर घालत प्यायल्या. मावशीने आपल्या कपातला चहा बशीत ओतला आणि फुर्रकन ओढला. आमचे आजोबा असाच प्यायचे, तिने सांगितलं, आणि ती पोरवयात तसं प्यायला बसली की आजी डोळे वटारायची. बाईंना ह्याचं फार अप्रूप वाटलं. ‘भारतातही बशीत पितात?’ असं त्यांनी शेजारणीला कुंपणावरून हाक मारून सांगितलं. शेजारीण जॅमची बरणी घेऊन आली आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.

मंगळवार, यास्नाया पोल्याना

तूलाहून बसने यास्नाया पोल्याना, टॉल्स्टॉयचं घर. दोन पांढरे मनोरे, तळं, चढणीचा बर्चांचा रस्ता. सफरचंदाच्या बागांत फळं खाली पडलेली. १८२८ साली ते इथे जन्मले आणि १९१० च्या शरदात एका रात्री इथूनच निघून गेले. घरातल्या मोठ्या खोलीत जेवणाचं टेबल मांडलेलं आहे, समोवारासकट. ह्याच घरातून १९०९-१० मध्ये गांधीजींना पत्रं गेली, हे मनात घेऊनच आपण भारतीय त्या खोल्यांतून फिरतो. समोवाराबद्दल लिहायला बसले असले तरी इथलं मनात राहिलं ते झाडीतलं थडगं: क्रूस नाही, दगड नाही, नाव नाही, फक्त गवताचा लांबट उंचवटा. आम्ही तिथे बराच वेळ बसलो.

बुधवार, तूला ते मॉस्को, आणि रात्रीची गाडी

सकाळी प्र्यानिकचं दुकान. तूलाचा प्र्यानिक म्हणजे मधाची, मसाल्याची, आत जॅम भरलेली जाडजूड चौकोनी पोळी, वर लाकडी साच्याचा ठसा. १६८५ च्या सरकारी दप्तरात त्याचा उल्लेख आहे, म्हणजे समोवाराहून तो बराच थोरला. बिनसाखरेच्या कडक चहाबरोबर अप्रतिम लागतो. नुसता खाल्ला तर मला फार गोड वाटला.

रात्री मॉस्कोहून पीटर्सबर्गची गाडी. डब्याच्या टोकाला पाण्याचा बॉयलर असतो, त्याला ‘तितान’ म्हणतात. चोवीस तास उकळतं पाणी. डब्याची सेविका धातूच्या नक्षीदार धारकात काचेचा ग्लास बसवून चहा आणून देते. गाडी हलली तरी ग्लास कलंडत नाही, हात भाजत नाही. समोवार घरात मागे पडला, पण रेल्वेत त्याचा वारसदार अजून नोकरीत आहे.

समोवाराच्या भरभराटीला हातभार लावला तोही वाहतुकीनेच. १८६० च्या दशकात समुद्रमार्गे चहा आणायची बंदी उठली, १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला, मग सायबेरियातून रेल्वे गेली. पत्ती स्वस्त झाली आणि समोवार शेतकऱ्याच्या झोपडीत पोचला. क्याख्ताचे उंट मात्र संपले. पुढे जॉर्जियात चाक्वाला, नंतर सोचीजवळ चहाचे मळे लागले. सोव्हिएत काळात पिवळ्या-निळ्या पाकिटावर हत्ती असलेला भारतीय चहा मिळणं ही चैन होती, ओळखीने मिळायचा. कालच्या मालकीणबाईंनी मावशीला सांगितलं, की पाहुण्यांना तो देता आला तर त्यांच्या आईची मान ताठ व्हायची.

मुंबईतही समोवार होता, जहांगीर कलादालनात, ‘कॅफे समोवार’ नावाचा. १९६४ पासून २०१५ पर्यंत चित्रकार, नाटकवाले, विद्यार्थी तिथे तासन्‌तास बसायचे. चित्रं न बघता नुसत्या गप्पा मारायला तिथे गेलेले किती तरी लोक आपल्या ओळखीत असतील. नाव अगदी योग्य दिलेलं होतं.

गुरुवार, पीटर्सबर्ग

रशियन म्युझियममध्ये आम्हाला एकच चित्र बघायचं होतं, बोरिस कुस्तोदिएव्हचं ‘चहा पिणारी व्यापाऱ्याची बायको’. निळसर-जांभळ्या रेशमी पोशाखातली गोरी, भरल्या अंगाची बाई टेबलाशी बसली आहे. हाताच्या बोटांवर बशी. पुढे चकाकणारा समोवार, फोडलेलं कलिंगड, द्राक्षं, पाव. मांजर तिच्या खांद्याला अंग घासतंय. मागे डाव्या बाजूला पलीकडच्या घराच्या गच्चीत आणखी एक जोडपं बसलंय आणि त्यांच्यापुढेही समोवार आहे. तो मावशीने दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आला नव्हता. चित्राजवळ गेलं की समोवारावरच्या उजेडाच्या रेघा मोजून-मापून मारलेल्या दिसतात. तूलाचं पितळ संध्याकाळी असंच पिवळं दिसतं.

हे चित्र १९१८ चं, क्रांतीनंतरच्या वर्षातलं. शहरात तेव्हा पाव रेशनवर, घरं थंड, लोक उपाशी. कुस्तोदिएव्ह पाठीच्या कण्याच्या आजाराने खुर्चीला खिळलेला, चाळिशीतला. समोर बसली होती शेजारी राहणारी, वैद्यकी शिकणारी एक तरुण मुलगी. टेबलावरची सुबत्ता त्याने आठवणीतून आणि भुकेतून रंगवली. ज्या व्यापारी वर्गाचं हे चित्र, तो वर्ग त्या वर्षी उरलाच नव्हता. पुढच्या वर्षी तूलाचे समोवार कारखाने सरकारजमा झाले.

मावशी चित्रासमोरच्या बाकावर बसून राहिली. मी पुढची दालनं बघून परत आले तोवर तिने फोनवर नकाशा उघडून ठेवला होता. उलान-उदेपर्यंत विमान, तिथून क्याख्ता गाडीने दोनशे तीस किलोमीटर. तिथे १८९० साली सुरू झालेलं संग्रहालय आहे, चहाच्या व्यापाऱ्यांनी पैसा ओतून बांधलेलं चर्च आहे, आणि गावाबाहेर पडलं की लगेच मंगोलिया. “पुढच्या उन्हाळ्यात,” ती म्हणाली, “आधी पासपोर्टाची मुदत बघ.”